रेल्वे ग्रुप डी: शेकडेवारीची गणितं ५४ सेकंदांत कशी बसवायची?

संकेश्वर_तयारी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. रेल्वेच्या ग्रुप डी (लेव्हल १) परीक्षेची तयारी करायलोय. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढं कन्नड. पेपर मराठीतूनच देणार आहे. १०० प्रश्न, ९० मिनिटं, त्यात गणिताचे २५. म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद, आणि उत्तर चुकलं तर एक तृतीयांश गुण वजा. शेकडेवारीची सूत्रं पाठ आहेत, पण कुठल्या गणिताला कुठलं लावायचं तेच ठरंना झालंय. खालच्या चार गणितांची उत्तरं माझ्याकडच्या सूचीत आहेत. माझं उत्तर का चुकतं, ते पाहिजे.

(१) साखर २५% महागली. खर्च तेवढाच ठेवायचा तर वापर किती टक्क्यांनी कमी करावा लागेल? माझं उत्तर २५, सूचीत २०.

(२) उत्तीर्ण व्हायला ३५% गुण लागतात. एकाला १३६ गुण मिळाले आणि तो १८ गुणांनी नापास झाला. परीक्षा एकूण किती गुणांची? सूचीत ४४०. माझं उत्तर पूर्णांकातच येईना.

(३) निवडणुकीत दोनच उमेदवार. १०% मतदारांनी मतदान केलं नाही. पडलेल्या मतांपैकी ५% बाद झाली. वैध मतांपैकी ६०% मिळवून एक उमेदवार १७१० मतांनी जिंकला. एकूण मतदार किती? सूचीत १०,०००, माझं १०,०५८ आणि वर काहीतरी.

(४) ८५% पाणी असलेला ४०० किलो ओला पाला वाळवून पाण्याचं प्रमाण २०% वर आणलं. वजन किती उरलं? माझं १४० किलो, सूचीत ७५. हे तर अजिबात पटंना.

शिवाय १७.५% किंवा ३७.५% असले आकडे हातानं करताना फार वेळ जातो. त्यावरही काही सांगा.

खानापूर_गणित

चारही गणितांत चूक एकच आहे. टक्का कशाचा, हे ठरवायच्या आधी तू आकड्यांना हात घातलायस. टक्का एकटा उभा राहत नाही, तो नेहमी कशाचा तरी शंभरावा भाग असतो. त्याला आपण पाया म्हणू. पाया म्हणजे १००%. गणित वाचताना कच्च्या कागदावर पहिला शब्द लिहायचा तो पायाचा, मग आकडे.

पाया ओळखायची खूण वाक्यातच असते. ‘च्या’, ‘पैकी’, ‘पेक्षा’ ज्याला चिकटलंय तो पाया. ‘अ चा पगार ब पेक्षा २५% जास्त’ इथं पाया ब. ब १०० धरला की अ १२५. आता उलटं विचारलं, ब चा पगार अ पेक्षा किती टक्के कमी, की पाया अ झाला. फरक तोच २५, पण आता तो १२५ पैकी आहे, म्हणून २०%. वाक्यात यातलं काहीच नसेल, नुसतं ‘भाव २५% वाढला’ असेल, तर पाया म्हणजे बदलाच्या आधीची किंमत. आणि दोन गोष्टी प्रश्नात कधीच लिहिलेल्या नसतात, त्या पाठच पाहिजेत: नफा-तोटा खरेदी किमतीवर मोजतात, सूट छापील किमतीवर.

गणित १. भाव गुणिले वापर म्हणजे खर्च. २५% वाढ म्हणजे भाव ५/४ पट झाला. खर्च हलता कामा नये, म्हणून वापर ४/५ पट व्हायला पाहिजे. घट १/५, म्हणजे २०%. आकडे घालून बघ: ४० रुपये दरानं ५ किलो, खर्च २००. दर ५० झाला, तर २०० रुपयांत ४ किलो येते. ५ किलोचे ४ किलो झाले, २०% घट. तुझ्या २५ टक्क्यांनी वापर ३.७५ किलो झाला असता आणि खर्च १८७.५० वर आला असता. खर्च तेवढाच राहिला नाही, तिथंच उत्तर पडलं.

याचा नेम लक्षात ठेव. १/४ नं वाढलेलं पूर्ववत करायला १/५ नं कमी करावं लागतं. १/५ नं वाढलेलं (२०%) १/६ नं, म्हणजे १६ पूर्णांक २/३ टक्क्यांनी. १/३ नं वाढलेलं १/४ नं. छेदात एक मिळवायचा. उलट दिशेनं छेदातून एक वजा: पगार २०% कापला तर जुन्या पगारावर यायला २५% वाढ लागते. रेल्वेच्या पेपरात या जातीचा प्रश्न आला तर त्याला दहा सेकंदांच्या वर वेळ जाता कामा नये.

गणित २. ‘१८ गुणांनी नापास’ म्हणजे उत्तीर्ण व्हायची रेघ त्याच्या १८ गुण वर आहे. १३६ + १८ = १५४. हे १५४ म्हणजे एकूण गुणांचे ३५%. ३५ नं भागत बसू नको. ७ नं भाग: १५४ ÷ ७ = २२, हे झाले ५%. वीस पट केले की ४४०. तुझं उत्तर पूर्णांकात आलं नाही याचा अर्थ तू १८ वजा केलेस: ११८ ला ०.३५ नं भागलं की ३३७.१४ येतं. गुण, माणसं, मतं असल्या गोष्टी अपूर्णांकात आल्या की पाया किंवा चिन्ह चुकलं, असं समजून तिथंच थांबायचं.

याचाच जुळा प्रश्न हमखास असतो. एकाला ३०% गुण मिळाले, तो १५ गुणांनी नापास. दुसऱ्याला ४०%, त्याला उत्तीर्णांकापेक्षा ३५ जास्त. दोघांत अंतर १०%, आणि गुणांत १५ + ३५ = ५०. म्हणजे १०% = ५०, एकूण ५००. उत्तीर्णांक १५० + १५ = १६५, म्हणजे ३३%. दोघे रेघेच्या दोन बाजूंना असतील तर अंतरांची बेरीज, एकाच बाजूला असतील तर वजाबाकी.

गणित ३. इथं पाया तीनदा बदलतो, म्हणून हे गणित इतक्यांचं चुकतं. १०% हे एकूण मतदारांचे. ५% हे पडलेल्या मतांचे, मतदारांचे नव्हेत. ६०% हे वैध मतांचे. तू १० आणि ५ मिळवून १५% बाजूला काढलेस आणि ८५% वैध धरलेस. खरं प्रमाण ०.९० × ०.९५ = ०.८५५. एकाला ६०, दुसऱ्याला ४०, अंतर वैध मतांच्या २०%. ०.८५५ × ०.२० = ०.१७१. हे १७१० च्या बरोबर, म्हणून मतदार १०,०००. तुझ्या ८५ टक्क्यांनी ०.१७ येतं आणि १७१० भागिले ०.१७ म्हणजे १०,०५८.८२. पॉइंट ८२ मतदार नसतो.

अजून एक जागा सांभाळ. ६०% मतं मिळाली म्हणून विजयाचं अंतर ६०% नसतं, आणि १०% पण नसतं. ६० वजा ४०, २०%.

चौथं मी सोडतो. पाल्याचं गणित निपाणीकरांनी सांगावं.

निपाणी_पट्टा

सांगतो. वाळवणाच्या गणितात पाणी बघायचंच नाही. पाणी उडून जातं, ते बदलणारं आहे. जे बदलत नाही त्याला धरायचं. तंबाखूचं पान असो, हळद असो की बेदाणा, पाण्याशिवायचा जो कस आहे तो वाळवण्याआधी आणि नंतर किलोला किलो तेवढाच राहतो.

४०० किलो पाल्यात पाणी ८५%, म्हणजे सुका भाग १५%, ६० किलो. वाळल्यावर पाणी २०%, म्हणजे सुका भाग ८०%. पण किलोत तो ६० च आहे. तर नव्या वजनाचे ८०% = ६०. नवं वजन ६० ÷ ०.८ = ७५ किलो.

तू ८५ मधून २० वजा करून ६५% वजन गेलं असं धरलंस, म्हणून १४० आलं. पण पहिले ८५% हे ४०० किलोचे आहेत आणि नंतरचे २०% हे नव्या, हलक्या वजनाचे. दोन वेगळ्या पायांचे टक्के एकमेकांतून वजा होत नाहीत. १४० किलोत ६० किलो सुका भाग असेल तर पाणी ८० किलो, म्हणजे ५७% वर. त्याला वाळलेला पाला कोण म्हणेल?

हीच रीत मिश्रणाला. ४० लिटर मिश्रणात १०% पाणी, बाकी दूध. पाणी २०% व्हायला किती पाणी मिळवावं? घाईत ४० चे १०%, म्हणून ४ लिटर लिहितात. दूध धर: ३६ लिटर, ते बदलत नाही. शेवटी दूध ८०% पाहिजे. ३६ ÷ ०.८ = ४५. म्हणून ५ लिटर पाणी. ४ लिटर घातलं तर ४४ पैकी ८ लिटर पाणी होतं, म्हणजे १८.१८%. पर्यायांत ४ हे असतंच, मुद्दाम ठेवलेलं.

मात्र प्रश्नात ‘मिश्रण काढून त्याजागी पाणी घातलं’ असेल तर दूधही कमी होतं, तिथं ही रीत तशीच्या तशी लावू नको. दर खेपेला दूध उरतं ते आधीच्या दुधाच्या ठराविक पट. ४० लिटरमधून ४ लिटर काढून तेवढंच पाणी घातलं की दूध ९/१० पट. दोनदा केलं की ८१/१००.

चिकोडी_ऊसपट्टा

वरची उत्तरं अगदी नेमकी आहेत. एक विषय राहिला, तो आपल्या भागात रोज कानावर पडतो तरी परीक्षेत चुकतो: टक्के आणि टक्क्यांचे अंक.

साखर उतारा (शंभर किलो उसातून किती किलो साखर निघते तो टक्का) १०.२५ वरून १०.७५ वर गेला. किती वाढला? ०.५ टक्के-अंकांनी वाढला. पण टक्केवारीत वाढ ०.५ ÷ १०.२५ = सुमारे ४.८८%. प्रश्नात ‘उताऱ्यात किती टक्के वाढ झाली’ असं विचारलं तर ४.८८, ‘उतारा किती टक्के-अंकांनी वाढला’ असं विचारलं तर ०.५. दोन्ही पर्यायांत असतात.

एफआरपी (केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर) बघ, म्हणजे ही गोष्ट डोक्यात पक्की बसेल. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राचा दर क्विंटलला ३५५ रुपये, पायाभूत उतारा १०.२५%. उतारा ०.१ अंकानं वाढला की क्विंटलमागं ३.४६ रुपये जास्त. मग १०.७५ उताऱ्याला पाच पायऱ्या, ५ × ३.४६ = १७.३०, दर ३७२.३०. हे ३.४६ कुठून आले? ३५५ ÷ १०.२५ = ३४.६३, हा उताऱ्याच्या एका अंकाचा दर. त्याचा दहावा भाग ३.४६. साधं सम प्रमाण आहे. खालच्या बाजूला ९.५% ही मर्यादा, तिथं ०.७५ अंक कमी, साडेसात पायऱ्या, ७.५ × ३.४६ = २५.९५, म्हणून ३२९.०५. त्याहून उतारा कमी आला तरी दर याच्या खाली जात नाही.

आता याच आकड्यांवर दोन गणितं. २०२४-२५ ला दर ३४० होता, तो ३५५ झाला. वाढ किती टक्के? पाया जुना दर. १५ ÷ ३४० = ४.४१%. ३५५ नं भागलंस तर ४.२३ येतं, ते चूक. दुसरं, १० टन उसातून १०.२५% उताऱ्यानं साखर किती? १०,००० किलोचे १०% म्हणजे १०००, वर पाव टक्का म्हणजे २५. १०२५ किलो.

जीएसटीतही हाच घोळ होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. गाडी १०% स्वस्त झाली का? नाही. १ लाखाच्या मूळ किमतीला आधी १,२८,००० पडायचे, आता १,१८,०००. १०,००० ÷ १,२८,००० = ७.८१%. कराचा दर १० अंकांनी उतरला, किंमत ७.८१ टक्क्यांनी.

आणि करासहित किमतीतून मूळ किंमत काढताना भागायचं, वजा करायचं नाही. १८% करासहित ५९० रुपये, तर मूळ किंमत ५९० ÷ १.१८ = ५००. ५९० चे १८% वजा केलेस तर ४८३.८० येतं. कर ५०० वर लागला होता, ५९० वर नव्हे.

टिळकवाडी_शिकवणी

मी फक्त हातच्या आकडेमोडीबद्दल लिहिते, कारण रीत कळूनही मुलं वेळेत मार खातात.

अपूर्णांकांचा तक्ता तोंडपाठ पाहिजे, पाढ्यांसारखा. १/३ = ३३ पूर्णांक १/३. १/६ = १६ पूर्णांक २/३. १/७ = १४ पूर्णांक २/७. १/८ = १२.५. १/९ = ११ पूर्णांक १/९. १/११ = ९ पूर्णांक १/११. १/१२ = ८ पूर्णांक १/३. १/१६ = ६.२५. १/४० = २.५. नववा आणि अकरावा एकमेकांत अडकतात, म्हणून जोडीनं म्हणा: नवव्याचे अकरा, अकराव्याचे नऊ. १/८ पाठ असला की ३७.५ (३/८), ६२.५ (५/८), ८७.५ (७/८) फुकटात मिळतात. १८४ चे ३७.५% म्हणजे १८४ ÷ ८ = २३, तिप्पट ६९. गुणाकार मांडायचाच नाही.

तक्त्यात न बसणारा आकडा फोडायचा. ६४० चे १७.५%: दहा टक्के ६४, त्याचे निम्मे ५ टक्के ३२, त्याचे निम्मे अडीच टक्के १६. बेरीज ११२. १९.८% असा आडवा आकडा आला तर २०% काढून त्यातून ०.२% काढून टाका: १४९७ चे २०% २९९.४, वजा साधारण ३, उत्तर २९६.४. पर्यायांत अंतर भरपूर असेल तर १५०० चा पाचवा भाग ३००, त्याहून किंचित कमी, एवढ्यावर खूण करून पुढं जा.

अदलाबदल विसरू नका. ७५ चे ४८% आणि ४८ चे ७५% सारखेच. दुसरं तोंडी होतं: ३६.

एसएसएलसीच्या (कर्नाटकातल्या दहावीच्या) गुणांचे टक्के काढताना तर रोजचा उपयोग आहे. ६२५ पैकी गुण असले की १०० ÷ ६२५ = ०.१६. म्हणून गुणांना १६ नं गुणून शंभरानं भागा, आणि १६ नं गुणणं म्हणजे दोनदा चारपट. ५७५: चारपट २३००, पुन्हा चारपट ९२००, उत्तर ९२%.

उणे गुणांबद्दल. चार पर्याय, चुकीला १/३ वजा. डोळे मिटून खूण केली तर चारपैकी एकदा १ गुण मिळतो, तीनदा १/३ जातो, सरासरी हिशेब शून्य. पण एक पर्याय खात्रीनं बाद करता आला तर सरासरी फायदा १/९ गुण, दोन बाद केले तर १/३. शेकडेवारीत पर्याय बाद करणं सोपं असतं: मतदारांचा आकडा पूर्णांकात येतो का, वाळलेला माल ओल्यापेक्षा हलका आहे का, लागोपाठच्या दोन सुटींची नुसती बेरीज दाखवलीय का. तरी माझं मत असं की टक्क्यांवर अंदाज बांधायची वेळच येऊ देऊ नये. हा विषय नफा-तोटा, व्याज, मिश्रण, माहिती-विश्लेषण या सगळ्यांत आत बसलेला आहे. इथले पंधरा दिवस पुढं चौपट होऊन परत येतात.

संकेश्वर_तयारी

खानापूर सर, निपाणी सर, चौथं आता पटलं. सुका भाग धरायचा हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. अजून तीन शंका आहेत. लागोपाठच्या बदलांना ‘अ + ब + अब/१००’ हे सूत्र वापरायलोय, ते चालेल का? दोन गटांचे टक्के दिले असतील तर सरासरी घ्यायची का? आणि पर्सेंटाईल म्हणजे टक्केच का?

खानापूर_गणित

सूत्र बरोबर आहे, पण घट असेल तर उणे चिन्ह घालायला विसरतात आणि तिथंच घात होतो. मी गुणाकारच सुचवीन. शहापुरातल्या साडीच्या दुकानावर ‘५०% + २०% सूट’ अशी पाटी असते. ४००० ची साडी आधी २०००, मग १६००. ०.५ × ०.८ = ०.४, सूट ६०%, ७०% नव्हे. सूत्रानं करायचं तर −५० − २० + १० = −६०. शेवटचे १० अधिक आहेत, कारण उणे गुणिले उणे. तीन बदल आले की सूत्र दोनदा लावावं लागतं, गुणाकार सरळ चालतो.

क्रम बदलला तरी उत्तर तेच राहतं, हेही माहीत असू दे. ८००० लोकवस्ती आधी १०% वाढून मग १०% घटली काय किंवा आधी घटून मग वाढली काय, ७९२०. वाढ आणि घट सारखीच असेल तर शेवटी नेहमी घट, तीही त्या आकड्याच्या वर्गाच्या शंभराव्या भागाएवढी: १० ला १%, २० ला ४%. क्षेत्रफळालाही हेच: लांबी २०% वाढली, रुंदी १०% घटली, १.२ × ०.९ = १.०८, क्षेत्रफळ ८% वाढलं.

मराठी पेपरात आणखी एक सावधगिरी. ‘३०% नं वाढला’ आणि ‘३०% पर्यंत वाढला’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. भाषांतर संशयास्पद वाटलं तर इंग्रजी प्रश्नही उघडून बघ, कारण भाषांतरात तफावत असेल तर रेल्वे इंग्रजी मजकूरच ग्राह्य धरते.

चिकोडी_ऊसपट्टा

सरासरीचं मी सांगतो. दोन गट सारख्या आकाराचे असतील तरच सरळ सरासरी चालते. सीमाभागात १५ टक्क्यांचा निकष सगळ्यांना माहीत आहे: जिथं भाषिक अल्पसंख्याक लोकसंख्येच्या १५% किंवा जास्त, तिथं सरकारी सूचना त्यांच्याही भाषेत. आता समजा एका तालुक्यात ३ लाख लोकवस्ती आणि अल्पसंख्याक ३०%, शेजारच्यात ५ लाख आणि ६%. दोन्ही मिळून किती? ३० आणि ६ ची सरासरी १८ घेतलीस तर चूक. ९०,००० + ३०,००० = १,२०,०००, भागिले ८ लाख, बरोबर १५%. मोठा गट उत्तराला आपल्याकडं ओढतो, म्हणून उत्तर १८ पेक्षा ६ च्या बाजूला सरकलं. आणि बघ, तालुका पाया धरला तर दुसरा तालुका निकषात बसत नाही, दोन्ही एकत्र धरले तर काठावर बसतो. माणसं तीच, पाया वेगळा.

टिळकवाडी_शिकवणी

पर्सेंटाईल म्हणजे टक्के नव्हेत. टक्के हे तुझ्या गुणांचे, एकूण गुणांपैकी. पर्सेंटाईल हे तुझ्या जागेचं माप, परीक्षार्थींपैकी. २००० जणांच्या सत्रात तुझ्याएवढे किंवा तुझ्यापेक्षा कमी गुण १९०० जणांना (तुला धरून) असतील तर पर्सेंटाईल ९५. पेपर अवघड निघाला तर हे ९५ पर्सेंटाईल ५८% गुणांवरही मिळू शकतात. म्हणून सराव पेपराच्या निकालात हे दोन आकडे वेगळे वाचा.

सरावाला एक गणित देते, यात वरचं बरंचसं येतं. दुकानदारानं पंख्याची छापील किंमत खरेदीपेक्षा ४०% जास्त ठेवली. छापील किमतीवर २५% सूट दिली. वर १८% जीएसटी लावून गिऱ्हाइकाकडून २४७८ रुपये घेतले. पंख्याची खरेदी किंमत किती आणि दुकानदाराचा नफा किती टक्के?

संकेश्वर_तयारी

ताई, शेवटाकडून सुरुवात केली. २४७८ मध्ये कर १८%, म्हणून २४७८ ÷ १.१८ = २१००. ही सुटीनंतरची किंमत, छापील किमतीच्या ७५%. ७५% = २१००, तर २५% = ७००, छापील किंमत २८००. छापील किंमत खरेदीच्या १४०%, २८०० ÷ १.४ = २०००. नफा ४७८ धरला, २०००च्या २३.९%. हे बरोबर का?

टिळकवाडी_शिकवणी

खरेदी २००० बरोबर. नफा चुकला. २४७८ मधले ३७८ रुपये कराचे, ते सरकारजमा होतात, दुकानदाराच्या गल्ल्यात राहत नाहीत. त्याला मिळाले २१००, खरेदी २०००, नफा १००, म्हणजे ५%. नुसता नफाच विचारला असता तर रुपयांना हातही लावायची गरज नव्हती: १.४ × ०.७५ = १.०५, झाला ५%. पर्यायांत १५ दिसला तर तो ४० वजा २५ वाला, आणि २३.९ दिसला तर तो कर मिसळलेला.